म्हसोबाच्या तळ्याला तार

३ मार्च १९६८, रविवार

आज तळ्यावर रक्त सांडलं. कॉलनीतल्या एकाचं डोकं फुटलं आन आमच्या धोंडीबाची करंगळी मोडली. करंगळीचं काही न्हाई. दूध काढायला चार बोटं पुरतात.

कंपनीच्या कॉलनीतले बाप्ये दर रविवारी म्हसोबाच्या तळ्यात पोहायला येतात. आंगाला तेल, हातात साबण, तोंडात शिट्ट्या. जणू ह्यांच्या आज्यानं खणलंय! आज आमच्या म्हशी पाण्यात बसल्या व्हत्या. रोजच बसतात. एकजण म्हणाला, ह्या घाणीत माणसानं पोहायचं का, आन चांदीच्या तोंडावर धोंडा हाणला. चांदी म्हणजे आमची कपाळावर ठिपका असलेली. ती वरडत बाहेर आली, डोळ्याखाली फाटलेलं. धोंडीबा काठावर तंबाखू मळत व्हता. त्यानं तंबाखू दाढेखाली नीट ठेवली, मग काठी उचलली. घाई केली न्हाई पोरानं.

पोरगं म्हणतीया मी. पस्तिशीचा घोडा हाय. बापावर गेलाय — आधी हात, मग तोंड.

४ मार्च

करंगळी ठणकती म्हणून धोंडीबानं सुनेला लाथ घातली. प्रभावतीनं तापल्या उलथण्याचा चटका दिला त्याच्या पोटरीला. मी नातीला घेऊन वट्यावर जाऊन बसले. दोघंबी एकमेकाला पुरून उरतात, मी कशाला मधी पडू?

१० मार्च, रविवार

चावडीत बैठक झाली. कॉलनीच्या पोहणाऱ्यांचं मंडळ हाय, त्याचे पुढारी अण्णासाहेब आले व्हते. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पांढरी पँट. खाली बसायच्या आधी रुमाल अंथरला. म्हणाले, तळं हिरवं पडलं ते म्हशींच्या शेणानं. आमच्या पोरांच्या आंगाला खाज सुटती, कानातून पू येतो. म्हशी बंद करा, पाणी आपोआप निवळंल.

आमी बायका मागं बसलेल्या. मी उभी राहिले. सरपंच म्हणाला, सोजराकाकू, बसा खाली. बसले न्हाई.

"अण्णासाहेब, माझ्या आजेसासऱ्यापासून म्हशी ह्या पाण्यात हागत्यात. तवा पाणी हिरवं न्हवतं. तुमच्या कॉलनीचं गटार तळ्यात सोडलं आन हिरवं झालं. आमचं शेण तेवढं दिसतं, तुमचा गू दिसत न्हाई व्हय?"

चावडी हसून लोळली. अण्णासाहेबांनी रुमाल झटकून खिशात घातला आन उरलेलं बोलणं उभ्यानं केलं.

इथं कुणी वाचणारं न्हाई म्हणून लिहिते — दोघांचंबी हाय. मी लग्न होऊन आले तवा हे तळं चैत्रात आटायचं, भेगांत पाय जायचा. गटार आलं तवापासून बारमाही भरलेलं. वर हिरवी साय, आत चिलापी मासा मांडीएवढा. आमीबी खातो. कशावर पोसलाय ते काय ताटात विचारत न्हाई कुणी.

पण म्हशीला पाण्यात बसायला लागतंच. उन्हाळ्यात डुंबली न्हाई की कातडं तडकतं, दूध चढून जातं. हे घर पाच म्हशींवर हाय. दुसरी जमीन न्हाई, नोकरी न्हाई. तळं गेलं की म्हशी गेल्या. म्हशी गेल्या की आमी कॉलनीत भांडी घासायला. अण्णासाहेबांच्याच घरात असंल, काय नेम!

१७ मार्च, रविवार

आज गावाची आन कॉलनीची एकी झाली. सरकारी माणूस पाणी तपासायला आला व्हता. सायकल, पिशवीत बाटल्या. एक बाटली म्हशींच्या अंगानं भरली, एक गटाराच्या तोंडाशी. दोन्ही बाजूचे लोक त्याच्या तोंडाकडं बघत उभे, जणू लग्नाचा मुहूर्त सांगणार हाय. तो म्हणाला, गटारबी बंद करा, जनावरंबी बंद करा. पोहूबी नका, मासेबी खाऊ नका. गाळ काढल्याबिगर ह्या तळ्याचं काही खरं न्हाई.

मग काय! कॉलनीच्या पोरांनी हात धरले, आमच्यांनी मान. दोन-तीन गटांगळ्या दिल्या. धोंडीबा त्याला विचारत व्हता, आता सांग, कसं लागतंय? सायकल फेकली पाण्यात. बाटल्या फुटल्या. भोकाड पसरून पळाला बिचारा, एका पायात चप्पल.

नंतर दोन्हीकडचे एकाच टपरीवर चहा पीत व्हते. एकमेकाच्या खांद्यावर हात. दिवेलागणीला परत काठ्या निघाल्या.

२४ मार्च, रविवार

मंडळानं कुठून कागद आणला देव जाणे. तळ्याला तार ठोकली. काट्याची. आमच्यासाठी गटाराचं तोंड तेवढं मोकळं ठेवलंय. तिथं पाणी घोट्याएवढं आन वास असा की कावळा उतरत न्हाई.

चांदीला कागद वाचता येत न्हाई. ती रोजच्या वाटेनं गेली, तारेत घुसली. मागचा सड उभा फाटला. धारेत रक्त आलं. दूध आन रक्त एकत्र कसं दिसतं ते ज्यानं बघितलं त्यालाच ठावं. हळद आन लोणी भरलं. ती उभी थरथरत व्हती, मी तिच्या पायाला मिठी मारून बसले तवा तिनं माझ्या बरगडीत लाथ घातली. शिकलेल्या माणसापरीस बरी, मारायचं तर समोरून मारती.

धोंडीबानं संध्याकाळी पक्कड घेतली आन तार तोडली. राखणदार आडवा आला त्याचं मनगट मोडलं. पोलीस घेऊन गेले.

२९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. धोंडीबा चौकीतच, तार मंडळानं परत जोडली. प्रभावतीनं काठी अशी रोवली, वाटलं खाली कुणाची छाती हाय.

६ एप्रिल

चाकणच्या बाजारात एक म्हैस विकली. आटली व्हती. घेणारा म्हणाला, आजी, हिचं कातडं असं का झालंय? म्हटलं, तुझ्या घरी उन्हात बांध, तुझ्या बायकोचंबी व्हईल.

चार राहिल्या.

१४ एप्रिल, रविवार

धोंडीबा सुटून आला आन जेवला, आन तळ्यावर गेला. गावातले बाकीचे मागं. मीबी गेले, हातात खुरपं व्हतं, उगीच.

कॉलनीच्यांनी पिंपं जोडून तराफा केला व्हता, त्याच्यावर बसून फिरत व्हते. आमच्यांनी काठावरनं दगड घातले, मग तराफा ओढून पेटवला. डांबर लावलेलं, असं जळालं की हिरव्या पाण्यात लाल आग. पोहणारे कपडे टाकून पळाले. एक राहिला.

त्याचं नाव उद्धवराव. नांदेडकडचा हाय म्हणतात, गोदावरीकाठचा. काळा, लांब, हात वल्ह्यासारखे. कंपनीत भट्टीवर काम करतो. तो पळाला न्हाई. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आन धोंडीबाला म्हणाला, ये. दोघं भिडले. चिखल, शेवाळ, शिव्या. धोंडीबानं त्याचं नाक फोडलं. त्यानं धोंडीबाच्या कानाचा लचका तोडला आन थुंकला. गावाला मी सांगितलं, थांबा, दोघांनाच लढू द्या. बघण्यासारखं व्हतं ते.

दमून दोघं काठावर पडले. तवा उद्धवराव म्हणाला, "दांडक्यानं काय ठरायलंय? तळ्याचं भांडण हाय, पोहून ठरवा."

आन ठरलं! सरपंचानं मान हलवली, अण्णासाहेब दिवेलागणीला येऊन हात मिळवून गेले. मेच्या एक तारखेला कंपनीला सुट्टी. म्हसोबाच्या दगडापासून कॉलनीच्या पायऱ्यांपर्यंत जायचं आन परत. धोंडीबा आधी आला तर तार काढायची, म्हशी मोकळ्या. उद्धवराव आधी आला तर म्हशींनी तळ्याचं नाव घ्यायचं न्हाई.

प्रभावतीनं कानाला चुना लावला. धोंडीबा हसत व्हता. किती वर्षांनी!

२२ एप्रिल

धोंडीबा पहाटे सराव करतो. पोहायला शिकला तो म्हशीच्या शेपटीला धरून, तसाच पोहतो — तोंड वर, फुसफुस करत, पण थांबत न्हाई. बुडी मारली की लोक विसरून जातात इतका वेळ खाली राहतो. लहानपणी तसा खाली राहून मला रडवायचा. वर आला की मी बडवायची.

आंगभर पुरळ उठलंय. डोळे लाल. ऊन वाढतंय तसं पाणी पिठल्यासारखं घट्ट व्हायला लागलंय. वारा सुटला की सगळी साय गावाच्या काठाला गोळा होती. काल भिवा लोहाराचा कुत्रा तिथं प्यायला आन पाय झाडून मेला. भिवा म्हणतो कॉलनीवाल्यांनी विष टाकलं. कॉलनीवाले म्हणतात गाववाल्यांनी. रात्री दोन घरांवर दगड पडले. एक आमचं, दुसरं कुणाचं ते ठाऊक न्हाई.

मासे तोंड वर काढून आ करत फिरतात सकाळी. त्यांनाबी आत करमत न्हाई.

३० एप्रिल

प्रभावती म्हणाली, नका जाऊ उद्या, माझं मन घेत न्हाई. धोंडीबानं ताट भिंतीवर मारलं. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हरलास तर ह्या दारात येऊ नको."

जेवला मग. दुसरं ताट.

१ मे, बुधवार

लिहिते. झोप येणार न्हाई.

सगळं गाव एका काठाला, कॉलनी दुसऱ्या. अण्णासाहेबांनी कर्णा लावला व्हता. पांढरी टोपी घातलेले, बायका छत्र्या घेऊन, जत्राच. म्हशी मी तारेच्या बाहेर आणून उभ्या केल्या. त्यांचं भांडण, त्यांनी बघायला नको?

शिट्टी झाली. उद्धवराव माशासारखा गेला, आवाज न्हाई. धोंडीबा पाणी फोडत. जाताना उद्धवराव पुढं. कॉलनीच्या पायरीला हात लावून फिरले तवा धोंडीबानं त्याला गाठलं. परत येताना धोंडीबा पुढं, हातभर, मग आंगभर. गाव नुसतं बोंबलत व्हतं. मी बोंबलले न्हाई, दात लावून बसले व्हते.

मधोमध आले. उद्धवराव बरोबरीला आला. धोंडीबानं कोपर मारलं, आमाला सगळ्यांना दिसलं. त्यानं केस धरले. मग पोहणं संपलं आन मारामारी सुरू झाली. दोन डोकी, चार हात. गळा धरला कुणी कुणाचा ते कळंना. दोघं खाली गेले आन वरनं हिरवी साय मिटली, दुधावरची मिटती तशी.

मग उद्धवराव वर आला. डोकं, खांदे, छाती. तिथं उभा राहिला, सरळ. पाणी छातीपर्यंत.

आधी कुणाला कळंना. मग कॉलनीकडनं कुणीतरी वरडलं, अरे उथळ हाय! आन दोन्ही काठ हसायला लागले. ज्या तळ्यासाठी डोकी फोडली ते मधोमध छातीएवढंच! टाळ्या पडल्या. सरपंच पोट धरून हसत व्हता. मीबी हसले. आमची पोरं सांगायला लागली, आता धोंडीबा कुठं वर येतो बघा, म्हसोबापाशीच निघंल गडी, बुडीचा राजा हाय. सगळे म्हसोबाकडं बघत बसले.

उद्धवराव हलत न्हवता. पोहत न्हवता, वरडत न्हवता. हात बाजूला पसरलेले, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखे. ओठ हलत व्हते, शब्द न्हाई.

हसायचं आधी प्रभावतीनं सोडलं. ती पाण्याकडं धावली.

दोन गडी उड्या मारून गेले. निम्म्या वाटेत पाय टेकायला गेले आन मांडीपर्यंत गाळात रुतले. त्यांनाच दोर टाकून ओढायला लागलं. गाळ धरून ठेवतो, सोडत न्हाई. म्हटलं, माणसाचं काम न्हाई हे. म्हशी घाला!

तार मधी. अण्णासाहेबांनी स्वतः पक्कड घेतली. काट्यांनी तळवे फाटले, रक्त पांढऱ्या पँटीवर. तोडली त्यांनी, त्यांच्या हातानं. चांदी आधी गेली, फाटल्या सडाची. पोटापर्यंत गाळ, मग पोहली. नुसतं नाक वर. उद्धवरावपाशी पोचली तवा त्यानं शेपूट धरलं आन आडवा झाला. तिनं ओढून आणला.

मागनं दुसरी म्हैस गेली. तिच्या शेपटीला कुणी न्हवतं.

२ मे

सकाळी काढला. बांबू घालून चाचपत व्हते. तिथं पाणी माणूसभर, आन खाली कमरेएवढा गाळ. धोंडीबा त्यात उभाच व्हता. दोर बांधून दोन म्हशींनी ओढला तवा सुटला.

लोक म्हणाले, मग उद्धवराव छातीभर पाण्यात उभा कसा व्हता? कुणी म्हणालं, तिथं उंचवटा असंल, गाळ सरकला. उद्धवरावनं फौजदाराला तेच सांगितलं — पायाला गाळ लागला, उभा राहिलो, धोंडीबा कुठं गेला दिसलं नाही, पाणी हिरवं.

अण्णासाहेब हात जोडून आले. तळव्यांना पट्ट्या. म्हणाले, सोजराबाई, तार आता परत लागणार नाही. म्हटलं, ठीक हाय.

३ मे

म्हशी पिळल्या. चांदीनं दूध दिलं.

९ मे

गावातले गेले व्हते कॉलनीत, काठ्या घेऊन. उद्धवरावची खोली फोडली. भांडी, खाट, देवाचा फोटोबी. तो न्हवता. पिंपळे गुरवला कुणी नातेवाईक हाय, तिथं दडलाय म्हणतात. प्रभावतीबी गेली व्हती त्यांच्यात. येताना त्याचा आरसा फोडून आली, हाताला काच. मी काच काढली.

म्हशी पाण्यात बसतात आता. दिवसभर. कॉलनीचं कुणी येत न्हाई पोहायला. तळं एवढं शांत कधी न्हवतं. मला त्या शांततेला धोंडा मारावासा वाटतो.

१९ मे, रविवार

उद्धवराव आला. एकटा, भर दुपारी. दारात उभा राहिला, आत आला न्हाई. प्रभावती चुलीपाशी व्हती, तिला म्हटलं तू उठू नको.

म्हणाला, "मावशी, मी गाळावर उभा नव्हतो. धोंडीबाच्या खांद्यावर होतो."

मग म्हणाला, त्यानं खालून दोन्ही घोटे धरले होते. शेवटपर्यंत सोडले नाहीत. "ओढायला होता का तोलायला, मला कळलंच नाही बघा. तेवढं सांगा."

माझा लेक मी वळखत न्हाई व्हय? धोंडीबानं जन्मात कुणाला तोललं न्हाई. ओढीतच असणार, दात खाऊन.

म्हटलं, "तोलत व्हता रे तुला."

उंबऱ्याला डोकं लावून रडला. रडू दे. आता मरंस्तवर धोंडीबा ह्याच्या खांद्यावर.